माळ्यावरच्या मेणाच्या नळ्या पुसू नका, वाजवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरातल्या जुन्या वस्तूंवर आलेला लेख वाचला. अडकित्ते, पानाचे डबे, तांब्याचे बंब, रॉकेलचे स्टोव्ह, सगळं छान जमलं होतं. शेवटच्या चौकटीत मात्र कर्णा असलेल्या एका यंत्राचं छायाचित्र होतं आणि खाली ‘आजोबांचा ग्रामोफोन’ अशी ओळ. ते यंत्र म्हणजे मेणाच्या नळ्यांवर चालणारा फोनोग्राफ होता. एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. असल्या चुकांवर पत्रं लिहीत बसलो तर दुकान कोण बघणार? पण त्याच चौकटीत पुढे असं सांगितलं होतं की अशा नळ्या घरात निघाल्या तर ओल्या फडक्याने पुसून, खोबरेलाचा हात फिरवून, एकदा वाजवून बघाव्यात. हा सल्ला कुणी मनावर घेण्याआधी हे पत्र छापावं, ही विनंती. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची असेल तर माझ्या आठवणींना लावा, नळ्यांच्या निगेबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

मी ठाकूरद्वारचा घड्याळजी. वडिलांच्या वेळेपासून दुकानात घड्याळांच्या जोडीने चावीचे ग्रामोफोनही दुरुस्तीला येत. फोनोग्राफ हा मात्र माझा स्वतःचा नाद. माझ्याकडे एडिसन कंपनीचं ‘स्टँडर्ड’ नावाचं यंत्र आहे. १८९८ साली ते अमेरिकेत वीस डॉलरला बाजारात आलं. माझं यंत्र सबंध असं कधी मिळालंच नाही. लाकडी पेटी चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एकाकडे सापडली, मोटर दुसऱ्याकडे. आवाज कोरायचा भाग, ज्याला रेकॉर्डर म्हणतात, तो इंग्लंडमधल्या एका संग्राहकाने दिला. या यंत्रावर मी घरच्या घरी आवाज भरतो. वीज लागत नाही, मायक्रोफोन लागत नाही. बोलणाऱ्याच्या छातीत जेवढा जोर, तेवढ्यावरच मेण कोरलं जातं.

ग्रामोफोनवर तबकडी, फोनोग्राफवर नळी, हा फरक कुणालाही दिसतो. खरा फरक निराळाच आहे. ग्रामोफोन नुसता ऐकवतो. फोनोग्राफवर ऐकायचा रिप्रोड्यूसर काढून त्याच जागी रेकॉर्डर बसवला की तेच यंत्र ऐकायला लागतं. माझ्या यंत्राला तर एका बाजूला धारदार पातीही आहे. नळीवरचा आवाज नकोसा झाला की ती पाती लावून वरचा थर तासून काढायचा, नळी पुन्हा कोरी. म्हणजे घरातल्या माणसांनी स्वतःचे आवाज भरावेत, पुसावेत, पुन्हा भरावेत, हे कंपनीने धरूनच चालवलेलं होतं.

एडिसनच्या मनात ते आधीपासून होतं. १८७७ साली त्याने पहिलं यंत्र केलं तेव्हा आवाज कथिलाच्या वर्खावर उमटत असे आणि दोन-चारदा वाजवला की विरून जाई. तरी पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याने या यंत्राच्या उपयोगांची यादी दिली. पत्रं तोंडी सांगून टिपणं, आंधळ्यांसाठी वाचलेली पुस्तकं, भाषांचे उच्चार जतन करणं, घरच्या माणसांची बोलणी आणि मरणाऱ्याचे अखेरचे शब्द जपून ठेवणं. संगीतही त्यात आहे, पण अनेक बाबींतली एक बाब म्हणून. यादीत बोलून वेळ सांगणारी घड्याळंही आहेत. आमच्या धंद्यावर ते संकट फार उशिरा आलं म्हणून बरं.

मेण आलं ते १८८० च्या दशकात. चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेन्टर यांनी पुठ्ठ्याच्या नळीवर मेणाचा थर दिला, नंतर एडिसनने सबंध नळीच त्या जातीच्या द्रव्याची केली. आपण मेण म्हणतो, पण ते देवघरातल्या मेणबत्तीचं मेण नव्हे. स्टिअरिक ॲसिडची कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमशी घडवून आणलेली साबणाच्या जातीची वस्तू असते ती, वर थोडं खनिज मेण. मेणबत्तीचं मेण वितळवून नळी ओतली तर सुई त्यात खाच पाडण्याऐवजी ते फासत जाते. प्रिन्सेस स्ट्रीटला सगळा कच्चा माल मिळतो म्हणून कुणी चाळीच्या खोलीत हा उद्योग करू नये. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, आणि शेजारी गॅस चालू असतो. मी कोऱ्या नळ्या मागवतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आजही मोजके हौशी लोक त्या ओततात. कुरियर धरून एका नळीचे पैसे ऐकले तेव्हा बायकोने मला घरातल्या महिन्याच्या दुधाचं बिल दाखवलं होतं.

आता आवाज भरतात कसा, ते थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

नळी सुमारे सव्वाचार इंच लांब, सव्वादोन इंच व्यासाची. ती कधीही बाहेरून धरायची नाही. तर्जनी आणि मधलं बोट आत घालून फाकवायची, नळी बोटांवर तोलायची. थंड नळीला गरम तळहात लागला तर तेवढ्यानेही ती तडकते. यंत्राच्या निमुळत्या दांड्यावर ती सरकवली की मिनिटाला १६० फेरे. हा वेग बघायला दुसरं यंत्र लागत नाही. दांड्याच्या कडेला कागदाची चिकटपट्टी लावायची, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ धरायचं, पंधरा सेकंदांत पट्टी चाळीसदा आली पाहिजे. कमी-जास्त असेल तर गव्हर्नरचा, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवायचा. एक आटे पाडलेला लांब गज रेकॉर्डरला डावीकडून उजवीकडे नेत असतो, एका इंचात शंभर फेरे अशा हिशेबाने. त्यामुळे एका नळीत दोन मिनिटं आणि वर थोडंसं एवढंच मावतं. अभंगाचं ध्रुपद आणि दोन चरण. ओव्या जरा जास्त बसतात.

रेकॉर्डरमध्ये काचेचा किंवा अभ्रकाचा पातळ पडदा असतो आणि पडद्याखाली नीलमण्याची टाचणीएवढी पटाशी. कर्ण्यातून आवाज आला की पडदा हलतो, पटाशी वरखाली होते आणि खाच कुठे खोल, कुठे उथळ होत जाते. तबकडीवर सुई डावी-उजवी डोलते, इथे ती चढते-उतरते. सगळी करामत एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चाललेली असते. ओल्या फडक्याचा आणि खोबरेलाचा विचार हे डोळ्यांसमोर ठेवून करावा.

पटाशी चालू झाली की मेणाची बारीक तार सुटते. ही तार सलग सुटली तर जाणायचं की मेण ऊबदार आहे आणि धार चांगली आहे. कोरडा भुगा उडायला लागला तर यंत्र थांबवायचं. थंड देशांत कोऱ्या नळ्या आधी ऊबदार कपाटात ठेवाव्या लागत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच बत्तीस-तेहेतीस अंश असतात, नळी डब्यातून काढली की तयार. कोरायला मुंबईची हवा उत्तम, जपायला वैरीण. सुटलेली तार मऊ ब्रशने उचलत राहावी लागते, नाहीतर ती पटाशीखाली अडकते आणि दोन शब्द गिळते. हे काम करायला दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे नातू करतो. मोबाइल खाली ठेवून दोन मिनिटं बसण्याची त्याची ही एकच वेळ.

माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी अशा भरल्या. आत्या कोकणातली, लग्नानंतर गिरगावात आलेली, आता नव्वदीला टेकलेली. कर्ण्यासमोर बसवली तर मागे मागे सरकायला लागली.

“कुणाकडे बघून म्हणू रे?”

“कुणाकडेच नको, आत्या. तोंड कर्ण्यात घाल.”

“शोभतं का ते! भांड्यात तोंड घालून ओव्या म्हणतात का कुणी?”

तिची हरकत मला पटते. पण हे यंत्र कर्ण्यापासून वीतभर लांबचं ऐकत नाही. खिडकीखालून बस गेली, शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, जिन्यावर भांडण झालं, यातलं काहीही नळीवर नाही. फोनवर हेच भरलं असतं तर ओवीपेक्षा कुकर जास्त आला असता. जमिनीची थरथर मात्र यंत्राला जाणवते. मेट्रोसाठी आमच्या भागात खोदकाम चालू होतं तेव्हा दिवसा भरलेलं काहीच धड येत नसे. रात्री अकरानंतर टेबलाच्या पायांखाली घोंगड्यांच्या घड्या घालून बसायचो.

कोणते आवाज येतात, कोणते नाही, हेही हळूहळू कळत गेलं. खणखणीत पुरुषी आवाज छान येतो. बायकांचा उंच, तारसप्तकातला आवाज फाटतो. म्हातारपणी खाली उतरलेला आवाज या यंत्राला मानवतो, म्हणून आत्याचं जमलं. चिपळ्या ठक्क उमटतात. क्लॅरिनेट, पेटी बऱ्यापैकी. पखवाजाची शाई ऐकू येते, धुमेचा पत्ता नाही. तंबोरा तर घरात नसल्यासारखा. ‘स’ आणि ‘श’ मधला फरक जवळजवळ जातो. ‘सासरी’ म्हटलेलं ‘फाफरी’ असं परत ऐकू आलं तेव्हा नातू गडाबडा लोळला होता. आत्याला ऐकवलं तर ती म्हणाली, “दात नाहीत म्हणून यंत्राला दोष देऊ नकोस.”

वेगाबद्दल वर लिहिलं त्याचं एक कारण आहे. १६० चा वेग सर्वत्र रूढ व्हायच्या आधी नळ्या त्याहून सावकाश फिरत. घरी भरणारे लोक तर दोन मिनिटांत जास्त मावावं म्हणून मुद्दाम वेग कमी करत. आज अशी नळी १६० ने वाजवली तर आजोबा चिमणीच्या आवाजात बोलतात. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर एका पट्टीने सरकतो, म्हणजे काळी एकमधला गवई पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो. १९०० साली बर्लिनमध्ये जगभरच्या संगीताचं ध्वनिसंग्रहालय सुरू झालं, त्याच्या कामकऱ्यांनी यावर साधा इलाज काढला होता. भरायला सुरुवात करताना सेकंदाला ४३५ कंपनांची एक सूरशिट्टी कर्ण्यात फुंकायची. पुढे शंभर वर्षांनी वाजवणाऱ्याने ती शिट्टी जुळेपर्यंत वेग बदलायचा, मग पुढचं सगळं जागेवर येतं. मी पेटीवरची काळी एक दाबून ठेवतो, मग दिनांक आणि जागा बोलतो, मग गाणाऱ्याला खूण करतो. फोनवर घरच्यांचे आवाज भरणाऱ्यांनीही दिनांक आणि जागा बोलायची सवय लावून घ्यावी. फोनमधल्या फायलीची तारीख एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना बदललेली मी पाहिली आहे.

परदेशात या यंत्राने काय काय टिपून ठेवलं ते बघून हेवा वाटतो. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेच्या मेन राज्यात पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची गाणी आणि कथा मेणावर घेतल्या. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग १८८९ च्या एप्रिलमध्ये एका चित्रकार मित्राच्या घरी जेवायला गेले, तिथे फोनोग्राफ होता. स्वतःची कविता म्हणता म्हणता मध्येच ओळी विसरले आणि दिलगिरीही कर्ण्यातच व्यक्त केली. त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. ती नळी टिकली आहे, विसरण्यासकट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने दहा हजारांहून जास्त नळ्यांचे आवाज इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यांतला मला सर्वांत प्रिय भाग म्हणजे सामान्य लोकांनी घरी भरलेल्या नळ्या. कुणी मुलाला बोल बोल म्हणून मागे लागलंय, कुणी गाताना चुकतंय, कुणी उगाच हसतंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या घरगुती नळ्यांना राष्ट्रीय ध्वनिवारशाच्या नोंदवहीत जागा दिली आहे, नामांकित गायकांच्या पंगतीत.

आपल्याकडे हे यंत्र आलं, पण त्याला वेळच मिळाला नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला उतरला, गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं आणि ते जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून परत आलं. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कंपनीचा कारखानाच निघाला. तबकडी कारखान्यात हजारोंनी छापता येते, नळी ओतायला वेळ लागतो. धंदा तबकडीने खाल्ला. कलकत्त्यातच एच. बोस नळ्यांवर ध्वनिमुद्रण करत होते, रवींद्रनाथांचा आवाजही त्यांनी घेतला होता, पण तेही पुढे तबकडीकडे गेले. तबकडी घरात आली ती फक्त वाजण्यासाठी. बोलायचं कंपनीने, ऐकायचं आपण. घरच्या माणसाचा आवाज घरीच साठवायची सोय मुंबईच्या मध्यमवर्गाला पुन्हा मिळाली ती थेट कॅसेटच्या जमान्यात, कुणीतरी दुबईहून टू-इन-वन आणला तेव्हा. मधली साठ-सत्तर वर्षं कोरी.

ज्यांना कंपनीने बोलावलं नाही किंवा ज्यांना कंपनीकडे जायचं नव्हतं, त्यांचे आवाज गेलेच. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये वारले. त्यांचं गाणं आज ऐकायला मिळत नाही. अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, मुंबईतच होते, आणि त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. तबकडीसाठी स्टुडिओ, साहेब, करार, सगळा सरंजाम लागे. शिष्याच्या घरी, चहा झाल्यावर, टेबलावरच्या यंत्रात दोन मिनिटं गुणगुणायला ते तयार झाले असते का? कोण जाणे. खाँसाहेबांनी कदाचित नकारच दिला असता आणि तो त्यांचा हक्क होता. पण असं यंत्र समोर असलेले शिष्य तरी मुंबईत किती होते?

म्हणूनच एखाद्या माळ्यावर, एखाद्या वाड्याच्या अडगळीत खरोखरच घरगुती नळी निघाली तर ती फार मोलाची ठरेल. पैशाच्या दृष्टीने नव्हे. चोरबाजारात तिला कुणी फारसं विचारणार नाही, तिथे चकचकीत पितळी कर्ण्याच्या नव्या बनावट ग्रामोफोनला गिऱ्हाईक जास्त. (ते घेऊन ‘अँटिक’ म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला आणणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही. चावी बसवून देतो.)

नळी घरगुती आहे की विकत आणलेली, हे रंगावरून बरंचसं कळतं. निळी असेल तर ती एडिसनची ‘ब्लू ॲम्बेरॉल’, १९१२ नंतरची, सेल्युलॉइडची, आत प्लास्टर. कारखान्यात छापलेली. पावसाळ्यात तिचं प्लास्टर फुगतं आणि ती दांड्यावर बसत नाही. जोराने दाबून बसवू नये, उभी चिरते. काळी कुळकुळीत असेल तर बहुधा १९०२ नंतरची साच्यात ओतलेली, आणि बऱ्याच अशा नळ्यांच्या कडेवर गाण्याचं नाव कोरलेलं असतं. ती मेणाचीच असते, पडली तर ठिकऱ्या. पण नळी फिक्या तपकिरी किंवा सायीच्या रंगाची असेल, कडेवर काही कोरलेलं नसेल आणि डब्याच्या झाकणावर किंवा आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल, तर तिथे थांबा. त्या अक्षरांचा आधी फोटो घ्या. अशा नळीत घरातला आवाज असू शकतो आणि तो जगात त्या एकाच नळीत असतो, दुसरी प्रत नसते. सहा इंच लांबीची नळी निघाली तर ती कचेरीतली, साहेबाने पत्रं सांगायच्या डिक्टाफोनची. फोर्टातल्या जुन्या पेढ्यांच्या वारसांनी त्याही फेकू नयेत. त्या घरच्या फोनोग्राफवर मात्र बसत नाहीत.

तपकिरी नळी यंत्रावर वाजवू नये, हे मी फोनोग्राफवाला असून सांगतो. जुना रिप्रोड्यूसर जड असतो आणि हे मेण मऊ. प्रत्येक वाजवण्यात आवाज थोडा खरवडला जातो. मी स्वतः भरलेली नळीसुद्धा पहिल्या वाजवण्यातच कर्ण्यापुढे चांगला रेकॉर्डर ठेवून टिपून घेतो, मगच पाहुण्यांना ऐकवतो. आत्याची नळी पाहुण्यांना ऐकवतच नाही.

पुसण्याचं म्हणाल तर, नळीवर पांढरे डाग किंवा जाळी दिसते ती धूळ नसते, बुरशी असते. बुरशी मेणावर बसत नाही, ते खाते. जिथे खाल्लं तिथला आवाज गेला, तो पुसून परत येत नाही. पुसण्याने उरलेला जातो. तेल तर मुळीच नको. कोरड्या मऊ ब्रशने वरची धूळ काढली एवढं पुरे, आणि बुरशी दिसत असेल तर तेही न करता ती नळी बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी. जुन्या डब्यांत कापसाचं अस्तर असतं. ते ओल धरून ठेवतं, म्हणून नळी त्यातून काढून आम्लविरहित कागदात सैल गुंडाळावी, पण डबा जपावा, कारण लिहिलेलं असतं ते डब्यावर. नळी आडवी ठेवायची नाही, उभी ठेवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड बांधायचं नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळावं. आपल्याकडे जुलैत त्या भिंतीला हात लावला तर ओला होतो. ध्वनिसंग्रहालयं अठरा ते वीस अंश तापमान आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास दमटपणा राखतात. ते आपल्या घरांत जमणार नाही, पण सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाचा डबा आणि महिन्यातून एकदा पुड्या बदलणं कुणालाही जमेल.

आवाज काढून घ्यायचा तर त्याची वेगळी यंत्रं आहेत. फ्रान्समध्ये आँरी शामू यांनी बनवलेलं ‘आर्किओफोन’ हलक्या विजेच्या सुईने नळी वाचतं, वेग हवा तसा बदलता येतो. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या कार्ल हेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर नळीला स्पर्शही न करता खाचांची सूक्ष्म छायाचित्रं घेऊन संगणकावर आवाज उभा करायची पद्धत काढली. बुरशी लागलेल्या आणि तुटलेल्या नळ्यांनाही तिने बोलतं केलं आहे.

माझी मागणी अशी. मुंबईत संगीत आणि इतिहासासाठी पैसा व जागा असलेल्या संस्था आहेत. त्यांतल्या एखादीने नळ्या वाचणारं यंत्र आणावं, किंवा असल्यास तसं जाहीर करावं, आणि सामान्य माणसाची नळी त्याच्यासमोर वाचून देण्याची सोय करावी. नळी संस्थेकडे देऊन टाका, ही अट घालू नये. त्या अटीमुळेच लोक वस्तू माळ्यावर ठेवतात. मूळ नळी घरी जाऊ द्या, आवाजाची एक प्रत संस्थेत राहू द्या. आपल्या दैनिकाला करण्याजोगी गोष्ट याहून सोपी आहे: ज्यांच्याकडे अशा नळ्या आहेत त्यांनी रंग, लांबी आणि डब्यावरची अक्षरं एवढं लिहून आपल्याकडे पाठवावं असं आवाहन छापावं. पत्ते छापू नयेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी दलाल दारात उभे राहतील. यादी तयार झाली की ती संस्थांपुढे ठेवता येईल. सध्या प्रत्येक जण म्हणतो, मुंबईत आहेतच कुठे नळ्या?

जुनी नळी नाही, पण स्वतःचा आवाज मेणावर कसा येतो ते बघायचंय, अशा वाचकांना मी दुकान बंद झाल्यावर खुशाल बोलावीन. संपादकांमार्फत निरोप द्यावा. नळीचा खर्च ज्याचा त्याने करावा, यंत्राला चावी मी देईन. येताना काय म्हणायचं ते घरी घड्याळ लावून दोन मिनिटांत बसवून यावं, आणि तबलजीला आणू नये.

आपला,
ठाकूरद्वारचा एक घड्याळजी,
मुंबई